मन्याला पत्र: डंडीच्या पोरांची गोष्ट

प्रिय मन्या,

तू परवा लिहिलंस की जीटीए, म्हणजे ग्रँड थेफ्ट ऑटो ही कॉम्प्युटर गेम, पक्की अमेरिकन. असं जवळपास सगळ्यांनाच वाटतं, आत शहरं, गाड्या, रेडिओ सगळं तिकडचंच म्हटल्यावर दुसरं काय वाटणार. पण ती बनली स्कॉटलंडमधल्या डंडी नावाच्या गावात, डीएमए डिझाइन नावाच्या स्टुडिओत, आणि याच स्टुडिओनं आधी लेमिंग्ज बनवली होती. हो, तीच हिरव्या केसांच्या चिमुकल्या प्राण्यांची लेमिंग्ज! माझं तर ठाम मत झालंय की या दोन गेम्स वरून कितीही वेगळ्या दिसल्या तरी आतून एकच आहेत, आणि ते व्हॉट्सॅपवर सांगून होणार नाही म्हणून हे लांबलचक पत्र.

आधी गाव समजून घे. डंडी हे तागाचं शहर, ताग जायचा आपल्या बंगालमधून आणि त्याची पोती, कापड तिथल्या गिरण्यांमध्ये व्हायचं. पुढे कलकत्त्याच्या बाजूलाच गिरण्या उभ्या राहिल्या आणि डंडीचा धंदा बसत गेला, गिरण्या गेल्यावर गावाचं काय होतं हे मुंबईवाल्या माणसाला वेगळं सांगायला नको. मग तिथे टाइमेक्सचा कारखाना होता, मूळचा घड्याळांचा, पण ऐंशीच्या दशकात त्यात सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम बनायला लागला. ब्रिटनमधल्या घराघरात गेलेला तो स्वस्त कॉम्प्युटर या गावातल्या माणसांच्या हातून जात होता, त्यामुळे डंडीतल्या पोरांना कॉम्प्युटर म्हणजे काही परग्रहावरची वस्तू वाटली नाही. (१९९३ मध्ये मोठा संप होऊन तो कारखानाही बंद पडला, पण तोवर बी पेरून झालं होतं.)

त्याच टाइमेक्समध्ये डेव्हिड जोन्स नावाचा पोरगा कामाला होता. नोकरी सुटली तेव्हा जे पैसे मिळाले त्यातून त्यानं अमिगा कॉम्प्युटर घेतला. गावात किंग्जवे अमॅच्युअर कॉम्प्युटर क्लब होता, तिथे त्याला माइक डेली, रसेल के आणि स्टीव्ह हॅमंड भेटले आणि त्या ओळखीतून डीएमए उभी राहिली. पहिली गेम मेनस, १९८८ ची, मग १९८९ ला ब्लड मनी, दोन्ही लिव्हरपूलच्या सिग्नोसिसनं पब्लिश केल्या. अंतराळात गोळ्या झाडत पुढे जायच्या गेम्स, दिसायला छान, पण तशा तेव्हा पुष्कळ होत्या. खरी गंमत त्यानंतर आहे.

१९८९ च्या ऑगस्टमध्ये ऑफिसात वॉकर नावाच्या दुसऱ्याच गेमचं काम चाललेलं, त्यात एक छोटा माणूस हवा होता, आणि एकानं तो १६ बाय १६ पिक्सेलमध्ये काढला. माइक डेली म्हणाला याहून लहान जमेल, आणि जेवणाच्या सुट्टीत डिलक्स पेंट या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये ८ बाय ८ पिक्सेलच्या माणसांची एक छोटी ॲनिमेशन करून टाकली, ज्यात ही माणसं ओळीनं चालत जातायत आणि वेगवेगळ्या प्रकारे मरतायत. सगळे हसले. पण रसेल के म्हणाला की यात गेम आहे. बघ ना, तोवर कोणी गेमचा विचारच केला नव्हता, फक्त काहीतरी चालताना दिसलं आणि ते बघत बसावंसं वाटलं, मला ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

लेमिंग्ज आली १४ फेब्रुवारी १९९१ ला. तू खेळला नाहीस म्हणून सांगतो, वरून एक झडप उघडते आणि त्यातून लेमिंग पडायला लागतात आणि चालायला लागतात, भिंत आली की उलटे फिरतात, कडा आला की खाली पडतात, तुझं काही ऐकत नाहीत, थांबत नाहीत. तू फक्त एखाद्याला काम देऊ शकतोस, कोणी पूल बांधतो, कोणी खणतो, कोणी हात पसरून उभा राहून बाकीच्यांना अडवतो, कोणी छत्री उघडून अलगद उतरतो. अशी एकूण आठ कामं, आणि ठरलेल्या वेळात ठरलेले लेमिंग दारापर्यंत पोचवायचे. लेव्हल १२० होत्या, प्रत्येकी ३० च्या चार गटांत, आणि त्या बनवल्या कशा तर ऑफिसातलीच पोरं एकमेकांना अडकवायला लेव्हल रचायची. जोन्स मोठ्या अभिमानानं एखादी लेव्हल आणायचा आणि बाकीचे त्याच्या सापळ्यांना वळसा घालून भलतीच वाट काढून दाखवायचे. खेळाचे नियम इतके मोकळे होते की बनवणाऱ्यालाही सगळ्या वाटा माहीत नसायच्या. हे वाक्य लक्षात ठेव, जीटीएला लागणार आहे.

मेनस एकूण २०,००० खपली होती, ब्लड मनी ४०,०००, आणि लेमिंग्ज पहिल्याच दिवशी ५५,००० गेली असं जोन्सनंच सांगितलंय. मग ती जवळजवळ प्रत्येक मशीनवर गेली, पुढचे भाग निघाले, १९९३ चा दुसरा भाग तर मला खूपच आवडतो, बारा जमाती आणि प्रत्येकीची वेगळी कौशल्यं. त्या काळातली युनिरॅली पण बघ, १९९४, सुपर निंटेंडो या गेमच्या मशीनवर, एकचाकी सायकलींच्या शर्यती, वेग असा की डोळे ठरत नाहीत, पण ॲनिमेशन फिल्म बनवणाऱ्या पिक्सारनं ही सायकल आमच्या फिल्ममधल्या सायकलीसारखी दिसते म्हणून कोर्टात खेचलं आणि पुढच्या कॉपी निघणं थांबलं. इतकी सुंदर गेम अशा कारणानं अडकावी याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता जीटीए. तिचं पहिलं नाव होतं रेस अँड चेस, काम १९९५ ला सुरू झालं. वरून दिसणारं शहर, रस्ते, सिग्नल, ट्रॅफिक, फुटपाथवर माणसं. आणि सुरुवातीला तू पोलीस पण होऊ शकणार होतास! पण पोलीस झालं की सिग्नल पाळा, माणसांना जपा, त्यात कोणाला मजा येईना. गेम बराच काळ इतकी अडखळत चालली होती की बंदच करतील अशी वेळ आली होती. मग कोडमध्ये एक बग, म्हणजे चूक, निघाला, पोलिसांच्या गाड्या वेड्यासारख्या थेट तुझ्या गाडीवर येऊन आदळायला लागल्या, त्यांना तुझ्यातूनच रस्ता काढायचा होता म्हणे, आणि ऑफिसातले सगळे तेच खेळत बसायला लागले. तो बग त्यांनी थोडा आवरून ठेवून दिला. परत तेच बघ मन्या, आपोआप चालणारी गोष्ट काय करते ते बघत बसायचं आणि त्यातून गेम ओळखायची! लेमिंग चालतात तशी जीटीएतली गर्दी चालते, तू असलास काय नसलास काय शहराला फरक पडत नाही, तू फक्त मध्ये हात घालतोस.

१९९७ ला ती आली तेव्हा तिच्यात तीन शहरं होती, लिबर्टी सिटी, सॅन अँड्रियास आणि व्हाइस सिटी. म्हणजे आपण पुढे ज्या व्हाइस सिटी नावाच्या जीटीएसाठी नेटकॅफेत नंबर लावायचो ते नाव तेव्हाचं. रिलीजच्या आधीच मे महिन्यात ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये या गेमवरून प्रश्न विचारला गेला, आणि प्रसिद्धीसाठी नेमलेल्या माणसानं तो गोंगाट मुद्दाम वाढवला. एक गोष्ट मात्र मला पटली नाही, त्यात हरे कृष्णवाल्यांची रांग चालत असते आणि सगळी रांग चिरडली की स्क्रीनवर ‘गौरांगा’ असं लिहून येतं, बोनस मिळतो. नामस्मरण करत चाललेल्या माणसांची अशी थट्टा मला आजही खटकते, गेम कितीही आवडली तरी.

पुढचा धागा लोकांच्या लक्षात येत नाही. १९९८ ला निंटेंडो ६४ या मशीनवर डीएमएच्या दोन गेम्स आल्या. बॉडी हार्वेस्टमध्ये मोठ्या मोकळ्या थ्रीडी मैदानात दिसेल त्या वाहनात बसायचं. स्पेस स्टेशन सिलिकॉन व्हॅलीमध्ये तू एक छोटी चिप असतोस, रोबो प्राण्याला हरवायचं आणि त्याच्या शरीरात शिरायचं, मग मेंढी हो, कुत्रा हो, काय वाट्टेल ते. आणि ही सिलिकॉन व्हॅली बनवणारी टीमच पुढे जीटीए थ्रीला लागली, लेस्ली बेंझिस, ॲरन गार्बट वगैरे. प्राण्याच्या जागी गाडी ठेवून बघ! २००१ च्या ऑक्टोबरमध्ये प्लेस्टेशन २ वर जीटीए थ्री आली, ३२ एमबी मेमरीत अख्खं शहर मावत नाही म्हणून तू चालशील तसं डिस्कवरून पुढचं शहर उचललं जायचं आणि मागचं टाकून दिलं जायचं.

दरम्यान मालक बदलत होते. १९९७ ला शेफील्डच्या ग्रेमलिन या गेम कंपनीनं डीएमए घेतली, ग्रेमलिन फ्रान्सच्या इन्फोग्रामनं घेतली, आणि १९९९ ला डीएमए अमेरिकेच्या टेक-टू कंपनीकडे गेली. काम एडिंबराला हललं आणि २००२ मध्ये नाव बदलून शेवटी रॉकस्टार नॉर्थ झालं. व्हाइस सिटी सुरू करताना दिसायचं ते हेच नाव, आणि जीटीए थ्रीनंतर डीएमए हे नाव संपलं. मला हे लागतं. गेमनं करोडो कमावले आणि ज्या नावाखाली ती सुचली ते नाव आज खेळणाऱ्याला माहीतच नाही.

डंडी मात्र विसरली नाही. तिथल्या ॲबर्टे विद्यापीठात १९९७ पासून कॉम्प्युटर गेम्सची डिग्री आहे, डीएमएतून फुटलेल्या लोकांनी गावातच कंपन्या काढल्या, जोन्सनं रिअल टाइम वर्ल्ड्स काढून २००७ ला क्रॅकडाउन केली, ती कंपनी २०१० ला बुडली तरी तिथली माणसं परत नव्या कंपन्यांत कामाला लागली. आणि पर्थ रोडला एका बागेच्या खांबावर ब्राँझचे तीन लेमिंग चढतायत.

तू व्हाइस सिटीत मिशन सोडून नुसता बाइकवर बीचच्या रस्त्यानं फिरत राहायचास आणि मी वैतागायचो, आठवतं? तुझं खेळणंच डीएमएच्या जास्त जवळचं होतं. म्हणून लेमिंग्ज तुला आवडेल अशी खात्री आहे, आता ब्राउझरमध्येही चालते. पहिल्या गटातल्या लेव्हल पटापट होतील, पण शेवटच्या गटाला मेहेम म्हणतात, तिथे कुठे अडकलास ते नंबरसकट कळव, वाट मात्र मी सांगणार नाही. काकूंना नमस्कार सांग, आणि दिवाळीला येणार की नाही तेही लिही.

तुझा,
अभ्या