ढिगाऱ्यावर गवत आणायचंय : एक बंडी खत, एक सकाळ द्या

गावकरी मंडळी, आणि नोकरीपायी नागपूर-पुण्याला गेलेल्या आपल्या पोरांनो,

गावाच्या उगवतीला खाणीच्या मातीचा डोंगर उभा आहे. कोळशासाठी खोदताना वरची काळी माती आधी टाकली, खालचा दगड तिच्यावर. जमीनच पालथी झाली. त्यात पाणी मुरत नाही, ते गाळ घेऊन नाल्यात उतरतं. मे महिन्यात आपल्या चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर गेला की तिथलं बी भाजून निघतं.

झाडं लावली होती ना? लावली होती. सुबाभूळ आणि गुलमोहर, ओळीनं. कागद हिरवा झाला. ढिगाऱ्यावर मात्र उरली वेडी बाभूळ, जी कोणी लावलीच नव्हती. तिच्या जाळीत रोही आणि डुकरं बसतात, रोही म्हणजे नीलगाय. त्यांच्या मागावर वाघ.

हे काम कंपनीचं आहे, हेही खरं. कोळसा मंत्रालयाच्या २००९ पासूनच्या सूचनांप्रमाणे खाण बंद करताना जमीन नीट करण्यासाठी कंपनीला वेगळ्या खात्यात पैसे ठेवावे लागतात. त्याचा पाठपुरावा आपली जैवविविधता समिती सोडणार नाही. पण मृग कागदासाठी थांबत नाही.

यंदा आधी गवत, मग झाड. उतारावर समतल चर खोदून त्यात तलावाचा गाळ आणि शेणखत भरायचं. पहिल्या पावसावर ताग पेरून फुलोऱ्यात गाडायचा. पवन्या आणि मारवेल या गवतांचं बी बचत गटाच्या बायांनी दिवाळीनंतर धुऱ्याधुऱ्यावरून झाडून ठेवलंय. खरं तर निम्मं काम त्यांनीच केलंय. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर साखर कारखान्याची प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेली मळी) आणि मुळांशी जगणारे उपयोगी जिवाणू-बुरशी वापरून झाडं जगवली. आपल्याकडे प्रेसमड नाही, शेण आहे. बुरशीसाठी जंगलातल्या झाडाखालची मूठ-मूठ माती पुरते.

गवत वाढलं तर वाघ जास्त येईल, असं ग्रामसभेत मायमाउल्यांनी विचारलं. रास्त आहे. म्हणून रस्त्याकडची वेडी बाभूळ मुळासकट काढून तो पट्टा मोकळा ठेवायचा. मोहा, तेंदू, चार (चारोळीचं झाड), बेहडा, बांबू हे सगळं पलीकडच्या नाल्याच्या अंगाला.

काय द्याल? ज्याच्याकडे गुरं आहेत त्यानं एक बंडी शेणखत. ट्रॅक्टरवाल्यांनी गाळाची एक फेरी. मोहाच्या टोळ्या (बिया), बेहड्याच्या आणि चाराच्या बिया घरी असतील तर आणा. टोळ्या मात्र ताज्याच, वाळल्या की उगवत नाहीत. नर्सरीतून गुलमोहर विकत आणू नका, कृपा करून. बाहेरगावच्यांनी जमेल ती रक्कम पाठवावी आणि ग्रामपंचायतीची पावती मागून घ्यावी. पैसा दोनच गोष्टींवर जाईल : उन्हाळ्यातला टँकर आणि राखणदाराची मजुरी.

गुरं राखणाऱ्या गायकीभाऊंना एक विनंती. दोन पावसाळे तिकडे जनावरं सोडू नका. गवत कापून न्यायला सगळ्यांना मुभा राहील, पैसे लागणार नाहीत.

रोहिणी लागेपर्यंत दर रविवारी सकाळी ७ वाजता मारुतीच्या पारापाशी जमू, ९ ला परत. एकट्यानं वर जायचं नाही, घोळक्यानंच. कुदळ-फावडं आणि पाण्याची बाटली आपापली. पायात चप्पल नको, बूट घाला. दगड सुटा आहे.

जैवविविधता व्यवस्थापन समिती, ग्रामपंचायत