राजाबाई मनोऱ्याखालची तुमची शिकवणी

आदरणीय काका,

सा. न.

सातवीच्या मुलांना मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा दाखवायला आणतेय, घड्याळाबद्दल दोन शब्द बोलाल का, असं मी फोनवर विचारलं होतं. ‘ते दोन शब्दांत होत नाही’ म्हणत तुम्ही रविवारची अख्खी सकाळ दिलीत, आणि चहाचे पैसेसुद्धा आम्हाला देऊ दिले नाहीत. म्हणून हे जाहीर आभार. नाव छापू नका म्हणालात, ते पाळलंय. पण मनोऱ्यांवरची घड्याळं चालती ठेवण्यात आयुष्य घातलेल्या माणसाचं नाव कुठल्याच कोनशिलेवर नसतं, याची चुटपुट राहतेच.

माझी तयारी सनावळीची होती. उंची २८० फूट, पायाभरणी १८६९, काम पुरं १८७८, आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. मुलं जांभया द्यायला लागली. तुम्ही मध्येच म्हणालात, ‘अरे, हा स्कॉट मुंबईत कधी आलाच नाही, लंडनला बसून त्याने हे काढलं!’ माना वर झाल्या. मग मुंबईचे व्यापारी प्रेमचंद रायचंद. कापसाच्या तेजीत कमावलेल्या पैशातून त्यांनी मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले, नाव आईचं, राजाबाईंचं. १८६५ मध्ये अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापूस गडगडला आणि शेठजीच बुडाले. ‘मग दिलेले पैसे परत मागितले का?’ या प्रश्नावर तुम्ही इतके खळखळून हसलात की पलीकडे ओव्हलवर क्रिकेट खेळणारे वळून बघायला लागले.

वर जायला परवानगी नाही म्हणून हिरमुसलेल्या पोरांना तुम्ही खिशातला किल्ल्यांचा जुडगा सुतळीला बांधून दाखवलात. झोके मोजायला लावलेत. सुतळी आखडली की झोका झटपट, सैल सोडली की संथ. तेवढ्यावर लंबक समजला. उन्हाळ्यात दांडी कणभर वाढते नि घड्याळ मागे पडतं, हे तर त्यांनी आपणहून सांगितलं! लंडनच्या बिग बेनच्या लंबकावर एक जुनी पेनी ठेवली की घड्याळ दिवसाला ०.४ सेकंद पुढे जातं, हे ऐकून त्या रात्री किती घरांतल्या भिंतीवरच्या घड्याळांची उघडझाप झाली असेल, देव जाणे. दोन पालकांची तक्रार आलीय. ती तुमच्या खात्यावर.

देखभालीबद्दल तुम्ही सांगितलंत ते मला जास्त पटलं. तेल कमी पडलं तर घड्याळ कुरकुर करून सांगतं, जास्त झालं की गप्प राहून धूळ धरतं आणि दाते झिजवतं. पावसाळ्यातली दमट हवा, कबुतरं, काट्यांवरचा वारा. २०१५ मध्ये मनोऱ्याचं मोठं जतनकाम पुरं झालं, रंगीत काचा उजळल्या, त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिले. तेलाच्या थेंबाचा फोटो कोण काढतं?

आणि मुंबई टाइम, म्हणजे मुंबईची स्वतःची वेळ! १८८० च्या दशकात सरकारने मद्रासची वेळ लादायचा प्रयत्न केला, मुंबईच्या वेळेपेक्षा साधारण अर्धा तास पुढची. विद्यापीठाने या घड्याळावर मुंबईचीच वेळ ठेवली, तर रात्रीच्या दिव्यांचा खर्च सरकार देईना. माझ्या पाठ्यपुस्तकात हे नाही. वर्गात दोन तट पडलेत. ‘दिवे नकोत, वेळ आपली’वाले बहुमतात आहेत.

शाळेच्या कपाटातलं बंद पडलेलं लंबकाचं घड्याळ मुलांनी मुख्याध्यापकांकडून मागून घेतलंय. अजून उघडलेलं नाही, तुमची वाट बघताहेत. गुरुवारी चौथा तास मोकळा असतो. जमेल का, एवढं फक्त कळवा. या वेळी चहा आमचा.

आपली,
सातवी ‘ब’च्या बाई