आईचा शॉक, बाबांचा मीटर

मिनियापोलिस,
18 जानेवारी

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

रविवारी फोनवर ड्रायरचं सांगत होते, तर बाबांना अर्धंच ऐकू आलं आणि आईने "अगं, तुला शॉक नाही ना बसला?" म्हणून मधेच विषय मोडला. म्हणून सगळं लिहूनच पाठवते.

गुरुवारी रात्री ड्रायर बिघडला. ड्रम गरगर फिरतोय, दिवा लागतोय, पण तासाभराने हात घातला तर कपडे थंडगार आणि ओले. बाहेर उणे 22. दुरुस्तीवाला म्हणाला, नुसतं येऊन बघायचे शंभर डॉलर. जावईबापू हो म्हणायच्या बेतात होते, तेवढ्यात मी बाबांचा वीज तपासायचा काट्याचा मीटर काढला.

आधी ब्रेकर पाहिला. बाबा, इथे घरात 120 व्होल्टच्या दोन तारा येतात, दोन्हींमध्ये मिळून 240. ड्रायरची मोटर एकीवर चालते, हीटरला दोन्ही लागतात. एक गेली तरी ड्रम आपला फिरत राहतो, गरम मात्र होत नाही. पण ते ठीक होतं. मग प्लग काढून (हो आई, आधी प्लग काढला) मागचा पत्रा उघडला. हीटरजवळ एक छोटासा थर्मल फ्यूज असतो, मशीन फार तापलं की तो कायमचा तुटतो. त्याच्या दोन्ही वायरी सोडवून मीटर लावला, काटा जागचा हलेना, म्हणजे फ्यूज तुटलेला. नवीन फ्यूज बारा डॉलरला मिळाला. शेजारी म्हणाला, "थेट वायरच जोडून टाक की." फ्यूजमध्ये जाड तार घालणाऱ्यांना बाबा जे ऐकवायचे, ते सगळं मला मराठीत आठवलं.

पण फ्यूज उगाच का जाईल? ड्रायरची दमट गरम हवा चार इंची पाइपातून भिंतीबाहेर जाते. आमचा पाइप पातळ चांदीच्या कागदासारखा, घड्या-घड्यांचा. त्यात कपड्यांचं झडलेलं पीस, ज्याला इथे लिंट म्हणतात, इतकं साठलं होतं की हाताने ओढलं तर आख्खी करडी गोधडी बाहेर आली. बाहेरच्या झडपेवर त्याच लिंटचा आणि बर्फाचा गोळा. हवा कोंडली, हीटर तापला, फ्यूज गेला. इथे ड्रायरमुळे घरांना आगी लागतात, त्यात न काढलेलं लिंट हे मोठं कारण. म्हणून आता कडक ॲल्युमिनियमचा पाइप बसवलाय. जोड स्क्रूने नाही, पत्र्याच्या चिकटपट्टीने पक्के केले, कारण आत आलेल्या स्क्रूच्या टोकाला पुन्हा लिंट अडकतं.

आता आईचा शॉक. गेल्या वर्षी तुझी नायलॉनची साडी ड्रायरमधून काढताना चटचट आवाज आला, अंधारात ठिणग्या दिसल्या आणि तू "यात वीज शिरलीय" म्हणून हातच लावेनास. वीज होतीच, फक्त वायरीतली नव्हती. नायलॉन, पॉलिस्टर आणि लोकर एकमेकांवर घासली की एकीकडचे इलेक्ट्रॉन दुसरीकडे जातात. रत्नागिरीत हवा इतकी दमट की ते लगेच निसटतात. इथे हिवाळ्यात घरातली हवा कोरडी ठणठणीत, त्यांना जायला वाटच नाही.

आणि त्यात माझी चूक. ठिणग्या नकोत म्हणून मी प्रत्येक वेळी ड्रायर शीट घालायचे, म्हणजे मऊपणाचा मेणचट लेप दिलेलं कापड. तो लेप आतल्या दोन धातूच्या पट्ट्यांवर बसला. ओला कपडा दोन्ही पट्ट्यांना टेकला की त्यातून बारीकसा करंट जातो, त्यावरून मशीनला ओल कळते. लेप आला की करंट जात नाही, मशीनला वाटतं झालं, आणि कपडे अर्धे ओलेच. मग मी रागाने वेळ लावून 80 मिनिटं फिरवायचे. कपडे करपायच्या बेतात सुकायचे, म्हणजे आणखी ठिणग्या, म्हणजे आणखी शीट. तोच लेप लिंट अडवणाऱ्या जाळीवरही बसला होता, तिच्यावर पाणी ओतलं तर ते बशीत थांबावं तसं वरच थांबलं! साबणाने घासली तेव्हा कुठे पाणी आरपार गेलं. पट्ट्या स्पिरिटने पुसल्या.

आता सुती कपडे वेगळे घालते, थोडी ओल असतानाच काढते. नायलॉन-पॉलिस्टर तळघरात दोरीवर. सोसायटीच्या नियमात बाहेर दोरी बांधायला बंदी आहे, आत नाही. आई, तू पावसाळ्यात शेगडीवर टोपली पालथी घालून बाळाची दुपटी सुकवायचीस, त्याची आठवण येते तिथे उभी राहिले की. शीटऐवजी ड्रायरमध्ये लोकरीचे गोळेही घालून पाहिले, ड्रममध्ये ढबढब वाजण्यापलीकडे फार उपयोग नाही.

मार्चमध्ये याल तेव्हा आई, सुती साड्याच आण. आणि दाराच्या मुठीला हात लावण्याआधी हातातली किल्ली टेकव, ठिणगी किल्लीवर पडते, बोटाला झोंबत नाही.

बाबा, मीटरची काळी तार टोकाशी तुटायला आलीय. येताना लाल-काळी जोडी आणाल का? इथे मिळतात त्या त्याच्या जुन्या भोकात बसत नाहीत.

तुमची,
सुमी