अडीच स्टारचा सर्वोत्कृष्ट चित्रपट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

समीक्षकांच्या संघटनेने जाहीर केलेल्या वार्षिक पुरस्कारांची बातमी कालच्या अंकात वाचली. सर्वोत्कृष्ट ठरलेल्या मराठी चित्रपटाच्या गुणवत्तेविषयी मला काहीही म्हणायचे नाही, कारण तो मी पाहिलेलाच नाही. आणि तो का पाहिला नाही, हे सांगण्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

हा चित्रपट आमच्याकडे सकाळी अकराच्या एकाच खेळाला लागला होता. जावे की नाही अशा विचारात असताना एका परीक्षणात त्याला अडीच स्टार दिलेले पाहिले. संवाद नसलेले प्रसंग फार लांबले आहेत, त्यांवर कात्री चालवायला हवी होती, असा त्या परीक्षणाचा सूर होता. मी बेत रद्द केला आणि पुढच्या शुक्रवारी चित्रपट उतरला. आता तेच परीक्षक महाशय निवड समितीत आहेत आणि समितीने नेमके तेच प्रसंग संयत दिग्दर्शनाचा नमुना म्हणून वाखाणले आहेत!

मत बदलण्याचा अधिकार समीक्षकांना आहे, हे मान्य. पण ते बदलल्याचे ज्यांनी त्यांच्या भरवशावर तिकीट काढले नाही, त्या वाचकांनाही कधीतरी कळवावे. आणि मत बदललेले नसून ते बहुमतापुढे हरले असतील, तर मतदानाचा तपशील जाहीर करायला हरकत कसली? लॉस एंजेलिसच्या समीक्षकांची संघटना विजेत्यांबरोबर उपविजेत्यांचीही नावे जाहीर करते, त्यामुळे चुरस कोणात होती हे निदान समजते. आपल्याकडे मात्र सारे एकमताने, आणि तेही बंद दाराआड.

‘कोर्ट’ला राष्ट्रीय पुरस्कार २०१५च्या मार्चमध्ये जाहीर झाला आणि चित्रपट एप्रिलमध्ये चित्रपटगृहांत आला, म्हणून त्या पुरस्काराचा प्रेक्षकांना उपयोग झाला. चित्रपट उतरून कित्येक महिने लोटल्यावर दिलेल्या शाबासकीने निर्मात्याच्या दिवाणखान्याची शोभा तेवढी वाढते. समीक्षकांना या चित्रपटाचे खरोखरच कौतुक असेल, तर त्यांनी सोहळ्यावरचा खर्च थोडा आवरून त्याचे चार खेळ लावावेत. मी तिकीट काढून येईन.

जाता जाता आपल्या बातमीविषयीही लिहिणे भाग आहे. नायक-नायिकांची छायाचित्रे तीन कॉलमांत झळकली; मात्र संकलन, छायालेखन आणि ध्वनी यांच्या विजेत्यांची बोळवण ‘तांत्रिक विभागांतही पुरस्कार देण्यात आले’ एवढ्या एका वाक्यात झाली. ज्यांचे काम पडद्यावर दिसूनही चेहरा कधी दिसत नाही, त्यांचे नाव छापून येण्याचा वर्षातला हा एखादाच दिवस असतो. ती नावे उद्याच्या अंकात छापावीत, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक