काडी, चिंचोका, तराजू: आपल्या शाळेसाठी आवाहन

सर्व ग्रामस्थ, पालक आणि बाहेरगावी असलेले माजी विद्यार्थी यांना सप्रेम नमस्कार.

आपल्या जिल्हा परिषद शाळेत पहिली ते चौथीची ४१ मुलं आहेत आणि शिक्षक दोन. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या. बाई पहिलीला अक्षरं गिरवून घेत असतात तेव्हा दुसरीच्या मुलांच्या हाताला काम लागतं. ते काम म्हणजे पाटीवर तीच ती उजळणी नसावी, एवढ्यासाठी हे पत्र.

शाळेत गणिताची पेटी आहे, पण एकच. बाई समोर धरून दाखवतात आणि मुलं बघतात. मागे बसलेल्याला तेही नीट दिसत नाही. एखादा मणी हरवला तर पुढच्या वर्षी आणायचा कुठून, म्हणून पेटी कपाटात आणि कपाटाला कुलूप. यात बाईंचा काहीच दोष नाही. साहित्यच पुरेसं नाही.

गेल्या महिन्यात शाळा व्यवस्थापन समितीच्या आम्ही चौघांनी खराट्याच्या काड्या एकसारख्या कापून दहा-दहाचे गठ्ठे बांधले, रबर लावून. बाईंनी दुसरीला गणित घातलं, ४२ वजा १७. पाटीवर बहुतेकांचं उत्तर आलं ३५. दोनातून सात जात नाहीत, म्हणून मुलांनी सातातून दोन घालवले होते. मग बाईंनी प्रत्येक जोडीला चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या दिल्या आणि म्हणाल्या, "यातल्या सतरा मला परत द्या." एक मुलगी बराच वेळ हातातल्या दोन काड्यांकडे बघत राहिली. मग हळूच विचारलं, "बाई, रबर काढू का?" बाई म्हणाल्या, काढ. गठ्ठा सुटला, बारा काड्या झाल्या, त्यातल्या सात गेल्या. उरलेल्या तीन गठ्ठ्यांतला एक दिला. पंचवीस! हातचा म्हणजे काय, ते त्या पोरीला त्या दिवशी कळलं. आमच्यातल्या काहींनाही तेव्हाच कळलं, हे मोकळेपणाने सांगतो.

आपल्या मराठी आकड्यांना तर काड्या फारच हव्यात. 'एकोणचाळीस' ऐकून मूल ४९ लिहितं, कारण कानावर चाळीस पडतं. चार गठ्ठे मांडून त्यातली एक काडी उचलली की 'एकोण' आपोआप उलगडतं.

तिसरी-चौथीच्या मुलांनी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या जोडून आकार केले. चौकोन दाबला की तिरपा होतो, त्रिकोण हलत नाही. एका मुलाने लगेच वर छताचा पत्रा पेलणाऱ्या कैचीकडे बोट केलं, "म्हणून तिथं सगळे त्रिकोण आहेत!" अशी काडी-ट्यूबची खेळणी, टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता यांनी देशभर पोचवली. आणि आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी-कोसबाडला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक, अनुताई वाघ यांनी १९४५ पासून शंख-शिंपले, खडे, बिया घेऊनच मुलांना शिकवलं. तेव्हा ही काही महागड्या शाळांची मिरास नाही.

आता आम्हाला काय हवं ते सांगतो. चिंचोके, सागरगोटे, शिंपले, बाटल्यांची झाकणं, बटणं, शिंप्याकडच्या चिंध्या, सुताराकडचे तासलेले गुळगुळीत ठोकळे: घरात असतील ते धुऊन-पुसून द्या. गुंजा मात्र आणू नका. दिसायला सुरेख असतात, पण विषारी, आणि पहिलीचं मूल कधी काय तोंडात घालेल सांगता येत नाही. भिंतीवरचे तक्तेही नकोत, भिंती भरल्या आहेत.

विकत घ्यायच्या गोष्टी थोड्याच. सहा छोटे तराजू आणि ५० ग्रॅम ते १ किलोची वजनं, पाव, अर्धा आणि एक लिटरची मापं, कापडी टेप, आणि दोन्ही खोल्यांत मुलांचा हात पोचेल अशी बुटकी लाकडी मांडणी. मांडणी उघडी असेल, कुलूप नाही. हरवलं तर हरवलं, पुन्हा करू. सगळा खर्च अंदाजे २६ हजार रुपये आहे. शाळेचं वार्षिक अनुदान वीजबिल, खडू आणि किरकोळ दुरुस्तीतच संपतं.

रक्कम समितीच्या बँक खात्यातच जमा करावी, किंवा शाळेत देऊन पावती घ्यावी. पावतीशिवाय कुणाच्याही हातात पैसे देऊ नका, अगदी आमच्याही. समितीचे पाऊण सदस्य पालक असावेत असं शिक्षणहक्क कायद्यानेच ठरवलंय, त्यामुळे पै-पैला जाब विचारणारे घरचेच आहेत. हिशोब ग्रामसभेत वाचून दाखवू आणि शाळेच्या फलकावर लावू.

ज्यांना पैसे जमणार नाहीत त्यांनी शनिवारी सकाळी तासभर यावं. काड्या कापायला, गठ्ठे बांधायला हात हवेत. किराणा दुकानवाल्यांनी मुलांना वजन करायला शिकवावं. आजींनी सागरगोटे घेऊन यावं आणि खेळताखेळता मोजायला लावावं. येताना घरातली जुनी कात्री आणि रबरं असली तर घेऊन या, आमच्याकडची संपलीत.

आपली,
शाळा व्यवस्थापन समिती