स्कॅन झालं हो, पण सापडणार कसं?

संपादक महोदय,
स. न.

महापालिकेने कागदपत्रांसाठी कोणती संगणक प्रणाली घ्यावी, यावरचा अर्धपान लेख काल आपल्या अंकात वाचला. डॅशबोर्ड, क्लाउड, मोबाइल ॲप, कृत्रिम बुद्धिमत्ता, सगळं आहे त्यात. फक्त 'नोंदवही' हा शब्द कुठे दिसला नाही. एकदा सगळं स्कॅन झालं की फाईल चुटकीसरशी मिळेल, असा एकूण सूर. ती चुटकी कशी वाजते ते सांगतो.

घोडबंदर रोडवरच्या एखाद्या सोसायटीला मानीव अभिहस्तांतरणासाठी (विकासकाने करून दिलं नाही तरी जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करून घेण्यासाठी) मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र हवं असतं. सोसायटीला इमारतीचं नाव ठाऊक. फाईलवर मात्र व्ही. पी. नंबर, म्हणजे बांधकाम परवानगीच्या प्रकरणाचा क्रमांक, आणि नाव विकासकाचं किंवा मूळ जमीनमालकाचं. कराच्या बिलावर तिसराच क्रमांक. सातबाऱ्यावर मौजे आणि सर्व्हे-हिस्सा. एकाच जागेची ही चार नावं एकमेकांशी जोडणारा तक्ता आधी तयार नसेल, तर कितीही महागडी प्रणाली आणा, ती नम्रपणे 'निकाल आढळले नाहीत' एवढंच म्हणेल. त्यात एकाने माजिवडे लिहिलेलं, दुसऱ्याने माजिवाडा, तिसऱ्याने माजीवाडा. संगणकाच्या लेखी ती तीन गावं! इंग्रजी आकड्यांत बेचाळीस टाकला तर देवनागरीतला ४२ सापडत नाही. 'दुसऱ्या'मधला ऱ्या दोन तऱ्हांनी टाइप होतो, दिसतो तसाच, पण शोधताना जुळत नाही. म्हणून मौजे, प्रभाग, विभाग हे रकाने टाइप करायला ठेवायचेच नाहीत, तयार यादीतून निवडायचे. आकडे आणि अक्षरं शोधाआधी एकाच साच्यात आणायची. कंपनीवाले सादरीकरणाला आले की रंगीत आलेख बाजूला ठेवून आधी हेच करून दाखवा म्हणावं.

ओसीआर, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं ओळखणारी प्रणाली, सगळं वाचेल, हा दुसरा गैरसमज. छापील मराठी बऱ्यापैकी वाचलं जातं. टंकलिखित पत्राची कार्बनवरची स्थळप्रत (कार्यालयात ठेवायची प्रत) आणि हाताने लिहिलेली टिपणी यांच्यापुढे ते हात टेकतं. युनिकोड येण्याआधीच्या फॉन्टमधल्या पीडीएफ तर दिसायला स्वच्छ मराठी, पण मजकूर कॉपी करून पाहा, रोमन अक्षरांचा काला निघतो. त्यामुळे फाईल क्रमांक, विषय, मौजे, सर्व्हे नंबर, वर्ष, अभिलेख वर्ग (कागद किती वर्षं जपायचा ते ठरवणारा), पृष्ठसंख्या आणि मूळ गठ्ठा कुठल्या रॅकवर आहे, हे आठ रकाने माणसानेच भरायला हवेत. तेही दोघांनी वेगवेगळे, म्हणजे जुळत नाही ती नोंद आपोआप वर येते. खर्च इथे होतो, आणि निविदेत काटकसर नेमकी इथेच करतात.

अशी काटकसर केल्यावर काय होतं? एका कार्यालयातल्या (नाव लिहीत नाही, पत्र छापून यावं अशी इच्छा आहे) अशाच एका फाईलची गोष्ट. ठेकेदाराला दर पानामागे पैसे, सगळ्या आकारांना एकच दर. मंजूर नकाशा ए-झिरो, म्हणजे ८४१ × ११८९ मिलिमीटर. घडी घातली की ए-फोरचे सोळा भाग. ऑपरेटरने घडी उलगडलीच नाही! वरचा एक भाग स्कॅन झाला: शिक्का, उत्तर दिशेचा बाण आणि अर्धी सही. उरलेले पंधरा भाग आत. कोरी पाठपानं मात्र न चुकता स्कॅन केलेली, कारण पान मोजलं जातं. टिपणी आणि पत्रव्यवहार यांची पानं सरमिसळ, त्यामुळे टिपणीतला 'पृ. ३५/प.वि. पाहावे' (पत्रव्यवहार विभागाचं पान ३५) हा संदर्भ कुठेच लागत नाही. सगळं कृष्णधवल, म्हणून हिरव्या शाईतला वरिष्ठांचा शेरा कोणता आणि लिपिकाचा मजकूर कोणता ते कळत नाही. फाईलचं नाव 'स्कॅन००४७', विषय 'इतर'. अहवालात हे काम 'पूर्ण'.

म्हणून दर आकारानुसार वेगळे हवेत, नकाशांना मोठ्या रुंदीचा स्कॅनर हवा, टिपणीची बाजू ३०० डीपीआयवर रंगीतच हवी आणि जतनाची प्रत पीडीएफ/ए, म्हणजे दीर्घकाळ जतनासाठीच्या पीडीएफ प्रकारात, हवी. पैसे पानाचे नकोत, सापडलेल्या फाईलचे द्यावेत: दर हप्त्याला आपल्याच लिपिकाने चिठ्ठी काढून निवडलेल्या शंभर फाईली शोधायच्या, ठरलेल्यापेक्षा जास्त चुकल्या तर तो हप्ता परत.

आणि सगळं स्कॅन कशाला? अ वर्ग कायमचा, ब वर्ग ३० वर्षांचा, ड वर्ग तर वर्षभरात रद्दीत जाणारा. आधी वर्गीकरण करा, मग मशीन लावा. स्कॅन झालं की मूळ कागद मोडीत, असंही लेखात सुचवलं आहे. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ नुसार नियमबाह्य नाश केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे, एवढं लेखकाच्या कानावर घालावं. शिवाय न्यायालयात इलेक्ट्रॉनिक प्रत द्यायची तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात हॅश मूल्य, म्हणजे फाईल जराही बदलली की बदलणारा तिचा सांकेतिक ठसा, नमूद करावं लागतं. ते स्कॅन होतानाच काढून ठेवलं नाही, तर मधल्या काळात प्रत बदलली नाही हे पुढे दाखवणार कशाने?

लेखात ई-ऑफिसचाही उल्लेख आहे. ते चालू फाईल फिरवण्यासाठी उत्तम: आवक, पिवळी (कच्ची) टिपणी, हिरवी (पक्की) टिपणी, सही. चाळीस वर्षांचे गठ्ठे हे निराळं दुखणं आहे, दोन्ही एका निविदेत कोंबू नयेत.

राहिला ठेका संपण्याचा दिवस. अनेक प्रणालींत सर्व्हरवर फाईलची नावं म्हणजे आकडे-अक्षरांचा लांबलचक गोळा असतो. कुठला गोळा म्हणजे कुठली फाईल, ते फक्त कंपनीच्या डेटाबेसला ठाऊक. ठेकेदार बदलला की हातात उरतात लाखो निनावी पीडीएफ. सगळ्या फाईली आणि त्यांची नोंदयादी साध्या सीएसव्हीत (कुठल्याही संगणकावर उघडणाऱ्या तक्त्यात) काढून देणं करारात हवं, आणि ते पहिल्याच वर्षी एकदा करून घ्यावं, शेवटच्या आठवड्यात नव्हे. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४(१)(क) २००५ पासून सूची आणि निर्देशांक ठेवा म्हणतंय. उत्तरं मात्र अजूनही 'अभिलेख आढळून येत नाही' अशीच येतात.

कळावे,
एक वाचक (नाव छापू नये), ठाणे (पश्चिम)

ता. क. कालचा लेख कात्रणासाठी आपल्या ई-पेपरमध्ये 'अभिलेख' हा शब्द टाकून शोधला. शून्य निकाल. पान म्हणजे नुसतं चित्र आहे.