लॅबची किल्ली कुणाकडे?

'अटल टिंकरिंग लॅब'साठी, म्हणजे मुलांनी स्वतः वस्तू बनवून शिकायच्या प्रयोगशाळेसाठी, केंद्र सरकारकडून शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळते, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी. मुलीच्या शाळेतही रोबोटिक्सची खोली आहे, पण कायम कुलूपबंद. कारण काय, तर 'रोबोटच्या संचातले तुकडे हरवतात'! अहो, हरवणारच, मुलांनी हाताळायचेच आहेत ना ते?

'फर्स्ट लेगो लीग' या शाळकरी मुलांच्या आंतरराष्ट्रीय रोबोट स्पर्धेत रोबोटची फेरी अडीच मिनिटांची, पण संघ एकमेकांशी कसा वागला, हेही परीक्षक बघतात. परवा आमच्या घरी मुलगी आणि तिच्या मैत्रिणी अशा चौघी रोबोट बनवायला जमल्या होत्या. त्यांची रोबोट-गाडी सारखी डावीकडे ओढत होती. तासभर भांडून झाल्यावर एकीला दिसले, चाकाच्या आसात लांब केस अडकलाय! शनिवारी दोन तास तरी ती खोली उघडा आणि किल्ली विज्ञानाच्या बाईंकडे द्या.

– एक पालक, सांगली